गावठाणाचं इतिहास मंडळ: गावफेऱ्या आणि व्याख्यानं कशी चालवायची

मुंबईत गाव कुठे उरलंय, असं कुणी म्हणालं तर त्याला वरळी कोळीवाड्यात न्यावं, वांद्र्याच्या रनवारमध्ये, मरोळ-कोंडिवट्यात, नाहीतर मार्व्याच्या तरीच्या होडीत बसवून थेट मनोरीला. टॉवरच्या सावलीत कौलारू घरं आहेत, दारात क्रूस किंवा तुळस आहे, गावदेवीच्या जत्रेत पहिला मान कुणाचा यावरून रुसवेफुगवेही आहेत. नोंद मात्र फारशी कुणी ठेवलेली नाही. ज्यांना ठाऊक आहे ती माणसं ऐंशीच्या पुढची आणि घरं पुनर्विकासाच्या रांगेत. ज्या गावठाणात चार जणांना याची चुटपुट लागली असेल, त्यांच्यासाठी हा लेख आहे: आपलं छोटं इतिहास मंडळ कसं उभं करायचं, गावफेऱ्या कशा काढायच्या आणि व्याख्यानं कशी ठेवायची.

हेरिटेज वॉक मुंबईत आता भरपूर होतात, त्यातले काही उत्तमही असतात. पण तिथे बहुतेक वेळा बाहेरचा माणूस बाहेरच्यांना गाव दाखवतो. मंडळाचं काम वेगळं. गावानेच गावाला गाव दाखवायचं आणि दाखवताना जे कळेल ते टिपून ठेवायचं. फेरीत प्रश्न निघावेत, त्यातल्या एखाद्यावर व्याख्यान व्हावं, व्याख्यानाला आलेल्या आजोबांनी "अहो, ती विहीर तिथे नव्हतीच" म्हणून सगळं उलटंपालटं करावं आणि पुढच्या फेरीचा रस्ता बदलावा. फेऱ्या एकीकडे आणि व्याख्यानं दुसरीकडे अशी सुटी सुटी चालली, की वर्षभरात दोन्ही बंद पडतात.

आधी चार माणसं आणि एक वही

नोंदणी, लोगो, लेटरहेड यांच्या मागे सुरुवातीला लागू नका. चार माणसं पुरतात. एकाला म्हाताऱ्यांशी गप्पा मारता याव्यात, एकाला नीट लिहिता यावं, एकाला फोन-लॅपटॉपची सवय असावी. चौथा माणूस सगळ्यात महत्त्वाचा: ज्याचं गावात कुणाशी वाकडं नाही असा. गावठाणात कुणाच्या अंगणातून जायचं, कुणाच्या घराबाहेर थांबायचं, हे त्याच्या शब्दावर ठरतं.

मग एक जाड वही घ्या. जे ऐकाल, पाहाल, वाचाल ते तारखेसकट तिच्यात जाईल. प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करा: "दिसतं", "कागदावर आहे" किंवा "सांगतात". मंडळाची सगळी पत या खुणेवर उभी राहते, म्हणून हिच्या बाबतीत आळस नको.

उदाहरण घ्या. गावाच्या वेशीवर क्रूस आहे आणि सगळे म्हणतात, तो प्लेगच्या वेळचा. मुंबईत प्लेग आला १८९६ मध्ये आणि त्या साथीत पुष्कळ गावठाणांमध्ये क्रूस उभारले गेले, हे खरं. पण तुमचाच क्रूस त्यातला आहे का? चौथऱ्यावर कोरलेलं साल असेल, तर ते "दिसतं". पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, दप्तरात नोंद असेल, तर "कागदावर आहे". दोन्ही नसेल तर फेरीत स्पष्ट म्हणायचं, "गावात असं सांगतात." ऐकणाऱ्यांचा विरस होत नाही, उलट विश्वास बसतो. जुनं दिसलं की "पोर्तुगीजांनी बांधलं" आणि खडकात कोरलेलं दिसलं की "पांडवांनी एका रात्रीत केलं", ही आपल्याकडची दोन ठरलेली उत्तरं. ती गाळू नका. दंतकथा म्हणून रंगवून सांगा, फक्त तिच्यावर इतिहासाचा शिक्का मारू नका.

कागद शोधताना पहिला प्रश्न: खाडीच्या अलीकडे की पलीकडे?

हा मुंबईचा खास गुंता आहे, म्हणून इथे थोडं थांबू. माहीमच्या खाडीच्या दक्षिणेची बेटं इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगीज राजकन्या यांच्या १६६१ च्या लग्नाच्या करारात इंग्रजांच्या वाट्याला आली, १६६५ मध्ये ताबा मिळाला आणि १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. खाडीच्या उत्तरेचं साष्टी बेट मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलं. ते त्यांच्याकडे १५३४ च्या वसईच्या तहापासून होतं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि साष्टी मराठ्यांकडे आली, १७७४ मध्ये इंग्रजांनी ती बळकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यावर शिक्कामोर्तब झालं.

याचा व्यवहारात अर्थ असा. तुमचं गाव वरळी, माझगाव किंवा माहीम असेल तर जुने कागद मुख्यतः इंग्रजीत मिळतील. अंधेरी, मरोळ, मालाड, बोरिवली असेल तर सोळाव्या-सतराव्या शतकासाठी पोर्तुगीज, मधल्या पस्तीसेक वर्षांसाठी मोडी आणि पुढे इंग्रजी-मराठी अशी तीन-चार दालनं उघडावी लागतील. शिवाय १९२० मध्ये उपनगर जिल्हा वेगळा होईपर्यंत ही गावं ठाणे जिल्ह्यात मोडत. त्यामुळे पार्ल्या-अंधेरीची माहिती मुंबईच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे सरकारी माहितीग्रंथात, शोधत बसू नका. ती १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. मुंबई शहर-बेटाचं गॅझेटियर वेगळं, तीन खंडांचं, १९०९-१० चं.

धारावीचा काळा किल्ला या गुंत्याचा फार चांगला नमुना आहे. तिथल्या शिलालेखात १७३७ साल आणि गव्हर्नर जॉन हॉर्न याचं नाव आहे. त्याच वर्षी मराठे साष्टीत उतरले होते. खाडीच्या एका काठावरच्या भिंतीत दुसऱ्या काठाची धास्ती अशी कोरलेली सापडते. नवख्या मंडळाने हा किल्ला जरूर पाहावा, तो कितीही आडबाजूला असला तरी.

कागद कुठे मिळतात? राज्य पुराभिलेख संचालनालय फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. या दप्तरखान्याची सुरुवात १८२१ ची. ओळखपत्र आणि मंडळाचं किंवा एखाद्या महाविद्यालयाचं पत्र घेऊन जा आणि काय हवंय ते गाव, साल, विषय असं नेमकं लिहून न्या. "आमच्या गावाचं काहीही दाखवा" म्हटलं तर काहीच मिळत नाही. मोडी शिकण्याचे वर्गही पुराभिलेखातर्फे होतात. मंडळातल्या एकाने तरी तो करावा. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीचं मूळ १८०४ चं, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. मराठीतून मुंबईचं सविस्तर वर्णन पहिल्यांदा करणारं गोविंद नारायण माडगावकरांचं पुस्तक १८६३ चं आहे. ते ग्रंथसंग्रहालयात बसून वाचावं.

पण सगळ्यात गोड कागद गावातच असतात आणि ते कुणी मागत नाही. शाळेचं जनरल रजिस्टर, चर्चची बाप्तिस्मा-लग्नाची पुस्तकं, देवस्थानाच्या वर्गणीच्या वह्या, भजनी मंडळाची हजेरी. यातल्या व्यवसायाच्या रकान्यावरून पाऊणशे वर्षांत गाव शेती-मासेमारीतून गिरणीत, गिरणीतून कारखान्यात आणि तिथून ऑफिसात कसं गेलं ते समोर येतं. मात्र हयात माणसांची नावं-जन्मतारखा बाहेर जाऊ देऊ नका. मुख्याध्यापक किंवा फादरांना आधीच सांगा की आकडे आणि व्यवसाय घेऊ, नावं नाही.

पहिली फेरी: छोटी, आणि एकाच गोष्टीची

सगळं एका सकाळी दाखवायचा मोह होतो. तो टाळा. अंधेरी पूर्वेचंच बघा. महाकाली लेणी, कोंडिवटा गावठाण, मरोळचं चर्च, सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या आतलं जुनं पडकं चर्च हे सगळं एकाच पट्ट्यात आहे. एका दमात केलं तर लोकांच्या लक्षात फक्त रिक्षाची रांग राहील. लेणी एका रविवारी, गावठाण दुसऱ्या.

लेण्यांच्या फेरीत एकोणीसच्या एकोणीस लेणी फिरायची गरज नाही. नऊ क्रमांकाच्या चैत्यात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, अर्धा तास द्या. आत स्तूप आहे आणि त्याभोवती गोल झोपडीसारखी भिंत खडकातच कोरलेली आहे, तिला जाळीच्या खिडक्या. लाकूड-कुडाच्या झोपडीची ही दगडी नक्कल लोकांना आधी कळत नाही. सांगितल्यावर मात्र माणूस खिडकीला डोळा लावून उभाच राहतो. दाराजवळ ब्राह्मी अक्षरांतला दानाचा लेख आहे. अक्षरं दिसावीत म्हणून पाणी, तेल, खडू, पीठ काहीही लावू नका, लावू देऊ नका. एक टॉर्च घ्या, ती दगडाला जवळजवळ चिकटवून तिरपी धरा. सरळ उजेडात सपाट वाटणाऱ्या भिंतीवर अक्षरांच्या कडांची सावली पडते आणि लेख उठून दिसतो. मुलांच्या हातात टॉर्च द्या, मग बघा. लेखाचा कागदावर ठसा घ्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

सीप्झमधलं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च १५७९ चं, पोर्तुगीज जेझुइटांच्या काळातलं. १८४० च्या साथीनंतर वस्ती आणि चर्च मरोळला हललं. आज ते औद्योगिक वसाहतीच्या कुंपणात आहे, एरवी आत जाता येत नाही आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा (सामूहिक प्रार्थना) होते. अशा न दिसणाऱ्या जागाही फेरीत घ्याव्यात. मरोळच्या चर्चबाहेर उभं राहून जुना फोटो दाखवायचा आणि गाव का हललं ते सांगायचं. दाखवता येत नाही म्हणून गाळलं, तर फेरीत फक्त वाचलेल्या इमारती येतात आणि गेलेलं गाव कधीच येत नाही.

बोरिवलीकडच्या मंडळांनी एकसरच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांवर, एक सबंध फेरी करावी. वीरगळ खालून वर वाचायचा हे आधी सांगा, नाहीतर लोक वरून सुरू करतात आणि गोंधळतात. खालच्या पट्टीत लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. एकसरच्या दगडांवर ही लढाई समुद्रावरची आहे: वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं एकमेकांवर चाल करून जाताना कोरली आहेत. शिलाहार राजांच्या काळात हा किनारा काय होता, हे सांगायला याहून चांगलं साधन नाही.

फेरीचा आराखडा करताना अंतर दोन किलोमीटरच्या आत ठेवा, थांबे सात-आठ, एकूण वेळ दोन तास. लोक पंचवीसपेक्षा जास्त नकोत. कोळीवाड्याच्या गल्लीत त्याहून जास्त माणसं उभी राहिली तर डोक्यावर मासळीची पाटी घेतलेल्या बाईला जायला जागा उरत नाही. बोलणारा उंचवट्यावर, बाकीचे एका बाजूला भिंतीला लागून. कमरेला लावायचा छोटा स्पीकर घ्या, पण आवाज रांगेच्या शेवटापर्यंत पोचेल इतकाच. घराघरात ऐकू गेला की दुसऱ्या वेळी दारं लागतात.

आधी एकदा त्याच वारी, त्याच वेळी स्वतः चालून या. त्या दिवशी बाजार भरतो का, रस्ता खणलाय का, ऊन कुठल्या बाजूला आहे, स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते उघडं असतं का, हे सगळं तेव्हाच कळतं. स्वच्छतागृहाचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. ज्येष्ठ नागरिक, त्यातही बायका, केवळ त्यापायी येत नाहीत. देवस्थान किंवा पॅरिश ऑफिसला विनंती केली तर सोय होते. जाहिरातीत ते लिहा.

वार आणि वेळ

रविवार सकाळ सोयीची वाटते, पण तिच्या अडचणी खास मुंबईच्या आहेत. पहिली मेगाब्लॉक. आदल्या दिवशी वेळापत्रक बघून गटावर टाका आणि भेटायची जागा "स्टेशनबाहेर" अशी मोघम लिहू नका. "अंधेरी पूर्व, मेट्रोच्या जिन्याखाली" असं लिहा. दुसरी, ख्रिस्ती गावठाणात रविवारी सकाळी सगळे मिस्सेला असतात. ज्यांना भेटायचं तेच घरी नाहीत आणि चर्चच्या दारात आपली गर्दी. तिथे शनिवार दुपार बरी.

कोळीवाड्याचं गणित आणखी वेगळं. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासळीचे वार, तेव्हा कोळणींना श्वास घ्यायला वेळ नसतो. सोमवार, मंगळवार किंवा गुरुवारी जा. वलांडीवर वाळत घातलेले बोंबील, जाळी विणणारे हात, हे बघायचं तर पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने. गप्पा ऐकायच्या तर १ जून ते ३१ जुलै, कारण मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि नाखवा घरी सापडतो. किनाऱ्याची फेरी असेल तर भरती-ओहोटीची वेळ आधी पाहा, विशेषतः परत येताना तरीची होडी पकडायची असेल तेव्हा.

घारापुरी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांना दोन तिकिटं लागतात, उद्यानाचं वेगळं आणि लेण्यांचं वेगळं. हे न सांगितल्याने गेटवर सुट्ट्या पैशांवरून हमखास घोळ होतो. पुरातत्त्व खात्याच्या जागी हातातल्या फोनने फोटो चालतात, तिवई लावायची तर परवानगी घ्यावी लागते. फेऱ्यांचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरच्या उन्हात कुणी येत नाही. जून ते सप्टेंबर व्याख्यानांना द्या.

दारात उभं राहताना

फेरीच्या दोन दिवस आधी, ज्या घरांसमोर थांबणार तिथे जाऊन सांगून या. फोनवर नाही, प्रत्यक्ष. "काकी, रविवारी पंधरा-वीस जण येतील, तुमच्या ओट्यासमोर पाच मिनिटं थांबू, चालेल ना?" एवढं पुरतं. बहुतेक वेळा काकी स्वतःच बोलायला बाहेर येतात आणि मंडळाच्या वक्त्यापेक्षा चांगलं सांगतात. तेव्हा वक्त्याने गप्प बसावं. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती, घरात लग्नाआधीच्या उंबराच्या पाण्याबद्दल विचारा. वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जाण्याचा तो विधी सांगताना म्हाताऱ्या बायकांना विहिरीही आठवतात, गाणीही, आणि कुठली विहीर कधी बुजवली तेही. गावच्या पाण्याचा नकाशा असा गप्पांतून मिळतो.

बाजारात काम करणाऱ्या कोळणींचे फोटो न विचारता काढू नका. घराच्या आत डोकावू नका. आणि "अजून किती साधं जगतात ही माणसं" हे वाक्य फेरीत कुणी उच्चारलं तर त्याला हळूच बाजूला घ्या.

व्याख्यान: पाहुणा कमी, गाव जास्त

आपल्याकडच्या कार्यक्रमांची एक रीतच होऊन बसली आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा सत्कार, आणि मग वक्त्याला "वेळेअभावी थोडक्यात" बोलायची चिठ्ठी. हे सगळं कापा. दोन वाक्यांत ओळख, एक गुलाबाचं फूल, आणि वक्ता बोलायला उभा. पंचेचाळीस मिनिटं बोलणं, तीस मिनिटं प्रश्न. निवडणुका जवळ असल्या की व्यासपीठावर खुर्ची मागणारे येतात. व्यासपीठच ठेवू नका, प्रश्न मिटला.

जागा फुकट मिळेल अशी बघा: शाळेचा वर्ग, वाचनालय, पॅरिश हॉल, समाजमंदिर. हिंदू वस्तीवरचं व्याख्यान पॅरिश हॉलमध्ये आणि ईस्ट इंडियन विषयावरचं समाजमंदिरात ठेवलं तर दोन्हीकडचे लोक पहिल्यांदा एकत्र बसतात, हा आमच्याकडचा अनुभव आहे. शनिवार संध्याकाळी सहा ही वेळ चांगली. प्रोजेक्टर आणि वायर तासभर आधी लावून बघा. स्लाइड पीडीएफ करून मागवा, नाहीतर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मराठी अक्षरांचे चौकोन होतात. वक्त्याला जाण्यायेण्याचा खर्च आणि जमेल ते मानधन पाकिटात द्या. शालींनी त्यांची कपाटं आधीच भरलेली असतात.

वर्षाला सहा व्याख्यानं पुरेत, त्यातली दोनच बाहेरच्या अभ्यासकाची. बाकीच्यांत गावाला बोलतं करा. एक संध्याकाळ नकाशांची: जुना नकाशा मोठा छापून जमिनीवर अंथरा, पेन्सिली द्या आणि लोकांना त्यावर वाकू द्या. मिठागर कुठे होतं, ओढा कुठून जायचा, बैलगाड्या कुठे थांबत, ते त्यांच्याच हातून लिहून घ्या. वादावादी होईल. होऊ द्या, फक्त एकाने वहीत टिपत राहावं.

दुसरी संध्याकाळ फोटोंची. प्रत्येकाने घरातला जुना फोटो आणायचा आणि दोन मिनिटं त्याबद्दल बोलायचं. फोटो मंडळाकडे ठेवून घ्यायचा नाही, हे आमंत्रणातच लिहा, नाहीतर लोक आणत नाहीत. स्कॅनर दारातच मांडा, ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि मूळ फोटो तिथल्या तिथे परत द्या. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनने कधीच नाही, त्याची धार पुढच्या बाजूला उठते. छोटा संमतीचा कागद ठेवा, त्यात तीन चौकोन: फक्त जपून ठेवा, व्याख्यानात दाखवा, इंटरनेटवर टाका. कोण कुठे खूण करतं ते पाहून तुम्हालाच आश्चर्य वाटेल.

ज्येष्ठांशी बोलताना साल विचारू नका

"हे कुठल्या साली झालं?" या प्रश्नाला म्हातारी माणसं एकतर गप्प होतात किंवा काहीतरी ठोकून देतात. त्यापेक्षा काळाच्या खुंट्या वापरा. गोदीचा स्फोट झाला तेव्हा तुम्ही केवढे होता? तो १४ एप्रिल १९४४. आरेची दूध वसाहत झाली आणि गोठ्यातल्या म्हशी तिकडे गेल्या, त्याच्या आधीचं की नंतरचं? वसाहत १९४९ ची. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी घरात कोण कोण होतं? शेवटची ट्राम धावली ३१ मार्च १९६४ ला. रेल्वेचा मोठा संप मे १९७४ चा, गिरणी संप १८ जानेवारी १९८२ पासून, आणि २६ जुलै २००५ तर तरुणांनाही लागू पडतो: त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते घरोघर विचारलं तरी गावाच्या उंचसखलपणाचा नकाशा तयार होतो.

घरच्या खुंट्याही चालतात: थोरल्या बहिणीचं लग्न, घरात वीज आली तो दिवाळीचा महिना, आजीचं वारणं. दोन खुंट्यांमध्ये गोष्ट अडकली की साल आपोआप हाती येतं.

ध्वनिमुद्रण फोनवर करा, फोन एअरप्लेन मोडवर टाकून. पंखा बंद करता येत नसेल तर फोन टेबलावर न ठेवता उशीवर ठेवा. कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळा, म्हणजे अकरा ते एक नको. चाळीत, विशेषतः पाडायला काढलेल्या बीडीडी चाळींत मुलाखत असेल तर खोलीत बसून न राहता माणसाला त्याच्या जिन्यावर, नळावर, गॅलरीत घेऊन जा. तिथे उभं राहिल्यावर आठवणी वेगळ्या येतात. आणि एखादं भांडण, एखादं दुःख सांगून झाल्यावर "हे बाहेर नको" म्हटलं, तर फाइल तिथेच पुसा, त्यांच्यासमोर.

पायाखाली काही सापडलं तर

पुनर्विकासाच्या खोदाईत कोरीव दगड, मूर्ती, नाणी निघतात. जागेवरून हलवू नका, धुऊ नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा आणि जागा नोंदवा. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असं १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. तहसीलदार कार्यालय आणि पुरातत्त्व खातं दोन्हीकडे लेखी कळवा आणि पोच घ्या.

लोक दगडाला शेंदूर लावून पूजा सुरू करतात, त्यावर नाक मुरडू नका. परळला १९३१ मध्ये रस्त्याचं काम चालू असताना सापडलेलं सहाव्या शतकातलं भव्य शिवशिल्प आजही बारादेवीच्या देवळात पूजेत आहे. पूजेमुळे कित्येक दगड वाचले आहेत. मात्र उघड्यावरच्या सुट्या मूर्तीचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका. चोरीला जाते.

एक गोष्ट मंडळाने पहिल्याच दिवशी ठरवून टाकावी: इथे मूळचे कोण, पहिले कोण आले, ही जमीन कुणाची, यावर फेरीत किंवा व्याख्यानात निवाडा द्यायचा नाही. कुणाचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पडद्यावर दाखवायचं नाही. कोर्टात चाललेल्या दाव्याला मंडळाचं कात्रण पुरावा म्हणून जोडलं गेलं, की त्या गल्लीत तुमच्यासाठी दारं बंद.

पैसे, नोंदणी, प्रती

फेरीला माणशी पन्नास-शंभर रुपये घ्या, गावातल्या लोकांना आणि शाळकरी मुलांना फुकट. फुकट ठेवलं की नावं तीस येतात आणि माणसं अकरा. हिशेब त्याच संध्याकाळी गटावर टाका.

वर्ष-दीड वर्ष काम टिकलं आणि देणगी किंवा अनुदान येऊ लागलं, तरच नोंदणी करा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यासाठी किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद होते. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासणी आणि विश्वस्त वगैरे बदलले की फेरफार अर्ज आलेच. ते करायला माणूस नसेल तर थांबा.

स्कॅन आणि ध्वनिमुद्रणांच्या तीन प्रती ठेवा: एक मंडळाच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन, एक गावाबाहेर राहणाऱ्या सभासदाकडे. फाइलच्या नावात साल, जागा आणि कुणाकडून मिळालं ते येऊ द्या. "आयएमजी" आणि पुढे आकडा अशा नावाच्या हजार फाइली म्हणजे काहीच नसल्यासारखं. वही मात्र हातानेच लिहीत राहा आणि ती भरली की तिचीही पानं स्कॅन करून नवी सुरू करा.